खरं आहे, पण गोष्ट कुणाची?

ताई, प्रभूत सलाम.

तुमची चिठ्ठी दोनदा वाचली. शुक्रवारच्या महिला सभेनंतर चहाच्या वेळी गल्लीतल्या एका सुनेचा विषय निघाला, ती दोन महिने माहेरी का जाऊन बसली आहे याचा. तुम्ही ‘राहू दे की आता’ म्हणालात. त्यावर तुमच्या सासूबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, ‘मी खोटं एक अक्षर बोलले काय? झालं ते सांगितलं. खऱ्याला पाप कसलं?’ आणि तुम्हाला उत्तर सुचलं नाही. पुढे तुम्ही तुमचे दोन प्रश्न जोडलेत. कुणाबद्दल वाईट बोलायचंच नाही म्हटलं तर चुकणाऱ्याचं फावत नाही का? आणि सगळ्यांबद्दल चांगलंच बोलायचं म्हणजे तोंडदेखलं खोटं बोलणंच नव्हे का?

मी बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात चौतीस वर्षं ख्रिस्ती मंडळ्यांचा पाळक म्हणून काम केलं. मंडळ्या फुटताना पाहिल्या त्यातल्या शिकवणुकीवरून फुटलेल्या फार थोड्या. बाकीच्या कोण कुणाला काय म्हणालं यावरून. म्हणून तुमचा प्रश्न मला बारीक वाटत नाही, आणि सासूबाईंचा तर मुळीच नाही. त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय.

कारण बायबलातल्या दहा आज्ञांपैकी एकीत शब्द आहेत ते ‘खोटी साक्ष देऊ नको’ असे. (आम्ही मेथडिस्ट तिला नववी आज्ञा म्हणतो, कॅथलिक आणि लुथरन आठवी. एकाच दगडी पाटीवरच्या क्रमांकावरून दोन लग्नघरांत वाद झालेला मी पाहिलाय.) ही आज्ञा मुळात वेशीवरच्या न्यायपंचायतीची. तिथे एका माणसाच्या शब्दावर दुसऱ्याचं शेत जाई, जीवही जाई. म्हणून तर बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात दोन-तीन साक्षीदार लागतील असं सांगितलं आणि खोट्या साक्षीदाराला, तो दुसऱ्यावर जी शिक्षा आणू पाहत होता तीच, ठेवली. नुसती ही एक आज्ञा घेतली तर सासूबाई सुटल्या. त्यांनी खोटं सांगितलेलं नाही.

पण लेवीय १९:१६ उघडा. आपल्या लोकांत चहाडी करत फिरू नको, असं तिथे आहे. ती चहाडी खोटी असेल तर, असं तिथे लिहिलेलं नाही. तिथल्या मूळ हिब्रू शब्दाचं फेरीवाल्याच्या शब्दाशी नातं आहे. डोक्यावर बोचकं घेऊन या दारातून त्या दारात जाणारा, एका दारी घेतलेलं दुसऱ्या दारी विकणारा. बोचक्यातला माल अस्सल असेलही. प्रश्न असा की तो तुमच्या मालकीचा होता का?

आणि माल गोड असतो, हे शास्त्रही मान्य करतं. नीतिसूत्रांत म्हटलंय की कानगोष्टी करणाऱ्याचे शब्द पक्वान्नाच्या घासासारखे पोटात उतरतात. बेळगावच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. कुंद्याचा डबा उघडल्यावर ‘मला नको’ म्हणणारा मी अजून पाहिला नाही.

आता उत्पत्तीचा नववा अध्याय. पुरानंतर नोहाने द्राक्षमळा लावला, द्राक्षारस प्याला आणि आपल्या तंबूत उघडा पडला. हाम आत गेला, त्याने बघितलं आणि बाहेर येऊन दोघा भावांना सांगितलं. शेम आणि याफेथ यांनी खांद्यांवर वस्त्र घेतलं, पाठमोरे चालत आत गेले आणि बापावर पांघरूण घातलं. तोंडं दुसरीकडे. हाम काय खोटं बोलला? बाप प्याला होता, उघडा होता, हे शंभर टक्के खरं. पण हाम आत होता, पांघरूण हाताशी होतं, आणि तो बाहेर गेला. आपल्याकडे म्हणतात ना, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून? ती म्हण आणि हा अध्याय मी कितीतरी वेळा शेजारी शेजारी ठेवून शिकवलाय. सासूबाईंना विचारा, दुसऱ्या भावांनी नोहा प्याला हे नाकारलं का? नाही. त्यांनी तो उद्या सकाळी उठून तोंड दाखवू शकेल एवढीच सोय केली.

जाता जाता सांगतो, याच गोष्टीची पुढे फार वाईट गत झाली. शाप कनानाला दिलेला असताना तो हामाला चिकटवून आफ्रिकेतल्या माणसांना गुलाम करण्याचं समर्थन लोकांनी यातूनच काढलं. निंदा करू नये हे सांगणारी गोष्ट अख्ख्या खंडाच्या निंदेला वापरली गेली.

आपल्या बेळगावात १८२० साली लंडन मिशनचे लोक आले आणि पुढे ते काम मेथडिस्टांकडे गेलं. तेव्हा आमच्या मेथडिस्ट घराण्याचे मूळपुरुष जॉन वेस्ली काय म्हणतात ते सांगणं मला भाग आहे. त्यांचा याच विषयावर एक उपदेश आहे. त्यात ते वाईट बोलण्याची व्याख्या करतात ती सासूबाईंच्या प्रश्नाला सरळ भिडते. ते म्हणतात, वाईट बोलणं म्हणजे जो समोर नाही त्याने खरोखर केलेली किंवा बोललेली वाईट गोष्ट सांगणं. खरोखर केलेली! खोटी असेल तर ती बदनामी, ते निराळं आणि मोठं पाप. त्यांच्या हिशेबात गोष्ट खरी आहे हे गृहीतच आहे. तपासायचं ते एवढंच, की ज्याची गोष्ट आहे तो माणूस खोलीत आहे का.

कॅथलिक धर्मशिक्षणातही हेच दोन वेगळे कप्पे आहेत. खोटं पसरवणं एक, आणि दुसऱ्याचा खरा दोष योग्य कारणाशिवाय, ज्यांना माहीत नव्हता त्यांना सांगणं दुसरं. दोन्ही पाप. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तिसराही काढला. दोघा मित्रांत बिब्बा घालण्यासाठी केलेली कानगोष्ट. तो त्यांनी निंदेहूनही वाईट ठरवला, कारण निंदेने माणसाचं नाव जातं आणि कानगोष्टीने मित्र जातो. खेड्यात राहणाऱ्याला हे जास्त कळेल. नाव गेलेला माणूस कसाबसा जगतो, पण मळणीला कुणी न येणारा माणूस कसा जगेल?

वेस्लींकडे परत येतो, कारण मला त्यांच्या उपदेशापेक्षा त्यांचा एक कागद जास्त आवडतो. १७५२ साली जॉन आणि चार्ल्स या दोघा भावांनी आणि त्यांच्या सोबतच्या उपदेशकांनी एक करार लिहून त्याखाली सह्या केल्या. त्याचा आशय असा. आम्ही एकमेकांबद्दलचं वाईट ऐकणार नाही, मुद्दाम विचारणारही नाही. ऐकू आलंच तर चटकन विश्वास ठेवणार नाही. ज्याच्याबद्दल ऐकलं त्याला होईल तितक्या लवकर बोलून किंवा लिहून कळवू. कळवेपर्यंत दुसऱ्या कुणाजवळ अवाक्षर काढणार नाही. कळवून झाल्यावरही काढणार नाही. आणि सद्सद्विवेकाला अगदीच बांधील वाटल्याशिवाय यातला एकही नियम मोडणार नाही.

क्रम बघा. पहिला नियम जिभेचा नाही, कानाचा आहे. आम्ही पाळक उभं आयुष्य याकोबाचा तिसरा अध्याय काढून जिभेवर बोलतो. लगाम, सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी, सगळं पाठ. पण ठिणगीला रान लागतं. निपाणीच्या एका मंडळीत विड्या वळणाऱ्या एक मावशी होत्या. आठ-दहा बायका सुपं मांडीवर घेऊन दिवसभर वळत बसायच्या, हात कामात आणि तोंड मोकळं. अशा ठिकाणी काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. कुणी नवी बातमी आणली की मावशी मान वर न करता विचारायच्या, ‘तिला विचारून आलीस काय?’ एवढंच. रागाने नाही, उपदेश नाही. सांगणारी ‘नाही, पण...’ म्हणायची आणि गोष्ट तिथेच लंगडी व्हायची. मी बायबल शाळेत तीन वर्षं काढून जे शिकलो नाही ते मावशींनी चार शब्दांत शिकवलं.

आता माझं स्वतःचं. हे लिहिल्याशिवाय बाकीचं लिहायचा मला हक्क नाही.

मी नवा होतो. एका सभासदाने मला रात्री घरी बसून सांगितलं की धंदा बुडालाय, घर गहाण आहे, बायकोलाही पुरतं माहीत नाही. मी त्याच्यासाठी प्रार्थना केली. इथपर्यंत ठीक. पुढच्या शुक्रवारी प्रार्थना सभेत मी म्हणालो, ‘आपल्यातल्या एका भावावर मोठं आर्थिक संकट आहे, घरही जायची वेळ आलीय, नाव घेत नाही, पण प्रभूला ठाऊक आहे.’ चाळीस घरांची मंडळी. नाव घ्यायची गरजच नव्हती, रविवारपर्यंत सगळ्यांना ठाऊक. सोमवारी त्याच्या उधारीवाल्याने हात आखडला. मी क्षमा मागायला गेलो तेव्हा त्याच्या बायकोने चहा दिला आणि म्हणाली, ‘पाळकसाहेब, प्रार्थना केलीत, उपकार झाले. आता किराणा रोखीने आणावा लागतो, तेवढंच.’

तो चहा अजून घशाखाली उतरलेला नाही. त्यातून मला कळलं की आमच्यासारख्या धार्मिक लोकांत चहाडी बहुतेक वेळा डोळे मिटूनच येते. ‘तिच्यासाठी प्रार्थना करा हं’ अशी तिची सुरुवात असते. आता तर फोनवर प्रार्थनेचे ग्रुप आहेत, आणि कुणाच्या तपासणीचा अहवाल, कुणाच्या मुलाचं व्यसन, कुणाची मोडलेली सोयरीक दीडशे जणांपर्यंत आमेनसकट पोचते. माझा नियम तेव्हापासून ठरला आहे. प्रार्थना विनंती ज्याची असेल त्याच्या तोंडून, किंवा त्याने ‘सांगा’ म्हटलेल्या शब्दांत, त्याहून एक शब्द जास्त नाही. देवाला तपशील लागत नाहीत. ते आपल्याला लागतात.

बायकांवरच हा विषय का ढकलतात, हेही बोलून टाकू. कर्नाटकात २०२३ च्या जूनपासून बायकांना बस फुकट झाली, तेव्हा मी एका सभेत गमतीने म्हणालो की आता बातम्याही फुकटात फिरतील. मागच्या बाकावरच्या एका आजी उठल्या आणि म्हणाल्या, ‘पुरुष कट्ट्यावर कधी तिकीट काढून बसूलेत?’ सभा हसली, मी गप्प. आजींचं बरोबर होतं. तीमथ्याच्या पत्रात घरोघर फिरणाऱ्या तरुण विधवांचा उल्लेख आहे आणि तो आम्ही पुरुष उपदेशक आवडीने वाचतो. पण रोमकरांसच्या पहिल्या अध्यायात चहाडखोर आणि निंदक यांची यादी आहे ती सगळ्या मनुष्यजातीची. आणि नव्या करारात ‘निंदक’ असं जिथे भाषांतर होतं, त्यातल्या काही ठिकाणी मूळ ग्रीक शब्द आहे ‘दियाबोलोस’. सैतानाला दिलेलं नाव तेच. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या बैठकीनंतर फाटकाबाहेर स्कूटरला टेकून जी दुसरी बैठक भरते, तिच्यात मी एकही बाई पाहिलेली नाही.

बायकांबद्दल बोलण्यात तर उपदेशकांचा हात कुणी धरणार नाही. मग्दालीया मरीयेचं उदाहरण घ्या. शुभवर्तमानांत तिच्याबद्दल काय आहे? येशूने तिच्यातून सात भुतं काढली, ती त्याच्याबरोबर फिरली, वधस्तंभापाशी उभी राहिली, आणि उठलेला प्रभू पहिल्यांदा तिला दिसला. ती देहविक्रय करत होती असं एका ओळीतही नाही. लूकच्या सातव्या अध्यायात येशूचे पाय आसवांनी धुणारी एक पापी स्त्री आहे, तिचं नाव दिलेलं नाही. ५९१ साली पोप ग्रेगरी यांनी एका उपदेशात त्या दोघी, आणि लाजराची बहीण मरीयाही, एकच करून टाकल्या. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी हे कधी मानलं नाही. पश्चिमेकडे मात्र शतकानुशतकं ती ‘ती तसली’ म्हणूनच ओळखली गेली. १९६९ साली रोमच्या नव्या दिनदर्शिकेत ही सरमिसळ सोडून दिली, आणि २०१६ साली तिच्या २२ जुलैच्या दिवसाला प्रेषितांच्या दिवसाइतका मान दिला. मधली जवळजवळ चौदाशे वर्षं गेली. ती पुनरुत्थानाची पहिली साक्षीदार, आणि आपण तिच्याबद्दल काय सांगत बसलो! मीही माझ्या पहिल्या पाच-सहा वर्षांत व्यासपीठावरून तेच सांगितलंय. मला ते खरंच वाटत होतं. सासूबाईंना हे जरूर सांगा. ‘झालं ते सांगितलं’ असं म्हणताना, झालं ते आपण पाहिलं होतं की ऐकलं होतं?

आता तुमचा पहिला प्रश्न, चुकणाऱ्याचं फावण्याचा. इथे मी जरा थांबणार आहे, कारण ‘निंदा करू नका’ या शिकवणीखाली मंडळ्यांत फार घाण दडपली गेलीय.

दुसऱ्या शमुवेलात तामार आहे. सावत्र भाऊ अम्नोन याने तिच्यावर अत्याचार केला. सख्खा भाऊ अबशालोम तिला काय म्हणतो? आता गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. दावीद राजाला राग आला, पण त्याने केलं काहीच नाही. ती भावाच्या घरी उद्ध्वस्त होऊन राहिली, आणि त्या गप्प बसण्यातून पुढे खून झाला, बंड झालं. ‘तो तुझा भाऊ आहे, गप्प राहा’ हे वाक्य आपल्या घरांत अजून जसंच्या तसं बोललं जातं, आणि त्याला कुणी कुटुंबप्रेम म्हणतं, कुणी ख्रिस्ती सहनशीलता. शास्त्र ते कौतुकाने सांगत नाही.

मग कुठे बोलायचं? पांघरूण कुणावर घालायचं आणि दार कधी ठोठवायचं, हे ओळखण्याची माझी रीत साधी आहे. जो पडलाय त्याच्यावर पांघरूण. ज्याच्यामुळे दुसरा कुणी पडतोय, तिथे जो थांबवू शकतो त्याला सांगायचं. नोहाने स्वतःची लाज घालवली होती, अम्नोनाने दुसरीचं आयुष्य. मूल असेल तर विचार करायचाच नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि १०९८ या नंबरवर कुणीही फोन करू शकतं. पाळकाला आधी विचारायची गरज नाही. पाळकावरच संशय असेल तर मुळीच नाही.

मोठ्यांमधल्या चुका असतील तर मत्तय १८ मधला रस्ता आहे. आधी दोघांनीच भेटा. ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा. तरी नाही तर मंडळीला सांगा. आपल्याकडे हा रस्ता उलटा चालतात. आधी मंडळीला कळतं, मग चार जणांचं शिष्टमंडळ येतं, आणि ज्याची गोष्ट त्याला सगळ्यात शेवटी कळतं. २०२० च्या सप्टेंबरात, करोना ऐन भरात असताना, पोप फ्रान्सिस याच उताऱ्यावर बोलताना म्हणाले होते की कुचाळकी ही कोविडपेक्षा वाईट साथ आहे. मात्र एक सांगतो. मार खाणाऱ्या बाईला ‘आधी नवऱ्याला एकटी भेटून समजाव’ असं मत्तय १८ च्या नावावर सांगणारे पाळक मी पाहिलेत. तो उतारा दोन भावांचा आहे, वाघ-शेळीचा नाही.

पौलाचं एक छोटं वाक्य मला या बाबतीत फार उपयोगी पडलं. करिंथच्या मंडळीत तट पडले होते, आणि तो पत्राच्या सुरुवातीलाच लिहितो की हे मला ख्लोवेच्या माणसांकडून कळलं. नाव घेऊन! चहाडीत ‘लोक म्हणतात’, ‘कुणीतरी सांगितलं’, ‘माझं नाव घेऊ नका हं’ असतं. ख्लोवेची माणसं आपल्या नावासकट उभी होती, आणि गोष्ट ज्याने सोडवायची त्याच्याकडेच घेऊन गेली होती. कुणी माझ्याकडे तक्रार घेऊन आलं की मी विचारतो, ‘तुमचं नाव सांगून बोलू का?’ निम्म्या तक्रारी तिथेच चपला घालतात.

आणि त्या माहेरी गेलेल्या सुनेचं काय? सभेत तिच्याबद्दल दहा-बारा जणी तरी बोलल्या असतील. तिला भेटायला किती गेल्या? हा टोमणा नाही, खरंच विचारतोय. तिला मारहाण होत असेल तर तिला तुमच्या गप्प बसण्याचा उपयोग नाही आणि चर्चेचाही नाही. कुणीतरी शनिवारी बस पकडून तिच्या माहेरी जाणं तिच्या उपयोगाचं आहे.

तुमचा दुसरा प्रश्न, तोंडदेखल्या खोट्याचा, सोपा आहे, लवकर उरकतो. चांगलं बोला म्हणजे खोटी स्तुती करा असं कुणीही शिकवलेलं नाही. १५२९ साली मार्टिन ल्यूथर यांनी लहान मुलांसाठी प्रश्नोत्तरी लिहिली, तिच्यात या आज्ञेखाली म्हटलंय की शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याबद्दल चांगलं बोलावं आणि प्रत्येक गोष्टीचा चांगल्यात चांगला अर्थ लावावा. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत आहे की कुणालाही त्याचं ऐकून न घेता दोषी ठरवू नये. चांगला अर्थ लावणं म्हणजे आपल्याला सगळं माहीत नाही एवढं कबूल करणं. एका मंडळीत एक बाई तीन महिने प्रभुभोजनाला उठत नव्हती. काय काय बोललं गेलं! शेवटी कळलं की तिचं बहिणीशी भांडण झालं होतं, आणि वेदीपाशी दान ठेवून आधी समेट कर हे वचन तिने मनावर घेतलं होतं. सबंध मंडळीत प्रभुभोजन गंभीरपणे घेणारी बहुधा ती एकटीच होती, आणि आम्ही पोटभर जेवलेले तिच्यावर बोलत होतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सीमाभागात राहून हे टाळलं तर मी अर्धाच बोललो असं होईल. १९५६ पासून आपण ज्या वादात जन्मलो-वाढलो, त्यात ‘ते लोक’ हा शब्द आपल्या तोंडात तयारच असतो. ‘त्या कानडी लोकांचं असंच.’ त्यांच्या घरी ‘त्या मराठी लोकांचं असंच.’ सीमा कुठे असावी यावर माझं मत आहे, तुमचंही असेल, आणि ते ठामपणे मांडण्यात पाप नाही. एका मंडळीत सकाळी मराठी उपासना आणि तिच्यानंतर कानडी. आमचा संदेश लांबला की पुढचे बाहेर उन्हात ताटकळत, आणि मग दोन्हीकडून तोंडसुख. मी कमिटीत एकच अट घातली की ‘ते लोक’ म्हणायचं नाही, माणसाचं नाव घेऊन बोलायचं. नाव घेतल्यावर तक्रार लहान होत गेली. शेवटी उरलं ते एवढंच की आमच्या गायनमंडळाने शेवटचं गीत पाच कडव्यांऐवजी तीनच म्हणावं. याकोब म्हणतो, ज्या जिभेने देवाचा धन्यवाद करतो तिनेच देवाच्या प्रतिरूपाने केलेल्या माणसाला शाप देतो. आणि गंमत बघा, मराठीत जिला चहाडी म्हणतात तिला कानडीत चाडी म्हणतात. या एका शब्दावर सीमावाद नाही.

आता पुढच्या शुक्रवारी काय करायचं? ‘हे पाप आहे’ असं सभेत म्हणू नका. सुनेने सासूला चार बायकांत असं म्हटलं की विषय चहाडीचा राहत नाही, सासू-सुनेचा होतो, आणि त्याच्या नव्या गोष्टी तयार होतात. ‘तिचे चांगले गुण सांगा पाहू’ असंही म्हणू नका. मी करून बघितलंय. खोली थंड पडते आणि बाकीच्या तुम्हाला साध्वी समजून तुमच्यापासून जपून बोलू लागतात. मावशींचा प्रश्न विचारा, तोही हसत. किंवा म्हणा, ‘काकू, चला की, शनिवारी दोघी जाऊन भेटून येऊ तिला.’ जी खरंच काळजीने बोलत होती ती लगेच तयार होईल.

जे आधीच बोलून झालंय त्याचं काय, असा प्रश्न सासूबाईंच्या मनात येईल. येऊ द्या. माझे एक कॅथलिक फादर मित्र पापनिवेदनाला आलेल्यांना सांगतात की चोरलेला पैसा परत करतो तसं घेतलेलं नावही परत करायचं, जिथे बोललो तिथे जाऊन. खोटं बोललो असेन तर ‘मी चुकलो’ म्हणता येतं. खरं बोललो असेन तर ते मागे घेता येत नाही, हीच खऱ्याची पंचाईत. मग एकच वाट राहते. त्याच माणसांत त्याच व्यक्तीबद्दलची दुसरी खरी गोष्ट सांगायची. त्या सुनेने पावसाळ्यात कुणाचं आजारपण काढलं असेल, कुणाच्या मुलांची शिकवणी घेतली असेल. सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, त्यांना गल्लीतलं सगळं माहीत असतं असं तुम्हीच लिहिलंय.

आणि हो, हे पत्र तुमच्याजवळ ठेवू नका. त्यात मी तुमच्या सासूबाईंबद्दल, त्या समोर नसताना, बरंच लिहिलंय. आज संध्याकाळी त्यांना अख्खं वाचून दाखवा, हे शेवटचं वाक्यही, आणि त्यांना काय म्हणायचंय ते त्यांच्या शब्दांत मला कळवा.